न्हालेलं करडू

चंद्रभागाबाई सेनगावच्या बाजारातून आली आणि दारातच थबकली. ओसरीवर तिची सून मंजुळा बसली होती. तिच्या मांडीवर, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलेलं लख्ख करडू होतं.

"आगं पोरी, हे काय करून बसलीस?"

मंजुळेला वाटलं, सासूला कौतुक वाटतंय. ती तोऱ्यातच सांगू लागली. काबरी शेळी दुपारी व्याली, घरात कुणी नव्हतं, सगळं एकटीनं केलं. हे पहिलं आलं ते नुसतं चिकट, म्हणून धुऊन पुसून घेतलं. तोवर मागून दुसरं आलं, ते काबरीनंच चाटलं. वार पडली तीही खड्डा करून पुरली, कुत्र्याला मिळू दिली नाही.

डोंगरकडा गावच्या बागायतदाराची लेक ती. गाई-बैलांत वाढलेली, पण तिकडं वेत गडीच पाहायचे; जनावर व्यालेलं ती आज पहिल्यांदा पाहत होती. चंद्रभागाबाईनं कपाळाला हात लावला आणि करडू उचलून काबरीपुढं ठेवलं. काबरीनं ते हुंगलं आणि शिंगानं असं उडवलं की भिंतीशी जाऊन पडलं. अंगावरचा ओलावा चाटता चाटता शेळी आपलं पिल्लू ओळखते. मंजुळेनं ती ओळखच धुऊन टाकली होती. काबरीनं चाटावं म्हणून पाठीवर मीठ चोळून झालं, दुसऱ्या करडाचा ओलावा फासून झाला. काबरी काही केल्या जवळ घेईना.

सासरा नामाजी म्हणाला, सोडा नाद, एक जगलं तरी पुष्कळ. रजाकारांच्या धास्तीनं लोक बायकापोरं वऱ्हाडात धाडून राहिले, आन तुमचं काय करडाचं घेऊन बसलात? मंजुळेनं सगळं खाली मान घालून ऐकलं आणि करडू पदराखाली घेऊन गोठ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ही गोष्ट चंद्रभागाबाईनंच सांगितली. सांगायला नको होती, पण जीभ हलकी. बायका पोट धरधरून हसल्या. शेजारची सुमनबाई तर मंजुळा दिसली की विचारायची, बाई, शिकेकाई लावली होती का गं? मंजुळेचे कान लाल व्हायचे. ती घागर भरून घरी यायची.

घरी आली की मात्र तिचं डोकं चालायचं. काबरी दुसऱ्या करडाला पाजताना दर वेळी मान वळवून त्याच्या शेपटीपाशी हुंगते, मगच पान्हा सोडते, हे तिनं पाहिलं. मग तिला वाटलं, बाहेरचा वास धुतला गेला, पण दुधाचा वास पोटातून फिरून शेपटीपाशी यायचाच की. हे आपल्या आईचंच दूध पीत राहिलं, तर आज ना उद्या तिला स्वतःचाच वास लागेल. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कोण ऐकणार होतं?

दिवसातून पाच वेळा ती काबरीचं तोंड भिंतीकडं करायची, मान गुडघ्यात धरायची आणि करडू कासेला लावायची. काबरी लाथा झाडायची. बांगड्या फुटू नयेत म्हणून मंजुळेनं मनगटांना चिंध्या गुंडाळल्या. चिकाचा एक थेंब तिनं चुलीकडं जाऊ दिला नाही. काबरीला पान्हा कमी पडू नये म्हणून ज्वारीच्या कण्या शिजवून, वर गूळ घालून ती दोन वेळा समोर ठेवायची, आणि जिनं लाथा मारल्या तिचीच पाठ खाजवायची.

चौथ्या दिवशी करडू फारच मलूल झालं. सुमनबाईला अखेर दया आली. ती आपल्या शेळीचं वाटीभर दूध घेऊन आली. मंजुळेनं वाटी परत केली.

चंद्रभागाबाई खवळली. करडू मरून राहिलं आन हिला मान सुचून राहिला, असं बरंच बोलली.

"दुसरीचं दूध पोटात गेलं तर काबरीला ते कधीच वळखू येनार न्हाई, आत्याबाई," मंजुळा म्हणाली. "मी चुकले, मला ठावं हाय. पन आता मदी नका पडू."

घरात आल्यापासून ही पोरगी चंद्रभागाबाईपुढं एवढं कधी बोलली नव्हती. त्या दिवसापासून कण्यांचं पातेलं चुलीवर सासूच ठेवू लागली. का, ते तिनं सांगितलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मंजुळा करडू कासेला लावून काबरीची मान धरून बसली होती. मान वळू पाहत होती. एरवी ती दाबून धरायची, आज तिनं गुडघा सैल केला. काबरीनं तोंड मागं नेलं आणि करडाच्या शेपटीपाशी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग घशातल्या घशात हळू आवाज काढला आणि करडाची पाठ चाटायला लागली. मंजुळेनं दोन्ही हात काढून घेतले. काबरी जागची हलली नाही.

मंजुळेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेणाची पाटी घेऊन चंद्रभागाबाई गोठ्याच्या दारात कधीची उभी होती. पाटी तिच्या डोक्यावरच राहिली होती.

तेवढ्यात सुमनबाई चुलीसाठी विस्तव मागायला आली. सवयीनं तिनं बाहेरूनच विचारलं, आज न्हानं झालं का करडाचं?

चंद्रभागाबाई वळली.

"हळू बोल. माझी सून कामात हाय."

सुमनबाईनं वाकून आत पाहिलं.

"मीबी धुतलं होतं, ह्या घरात नवी आले तवा," चंद्रभागाबाई म्हणाली. "कोनाला सांगितलं न्हाई. माझं मेलं. हिचं बघ, पेऊन राहिलं."