मुका नाच

गाओकाओ तोंडावर आली आणि चौकात रोज संध्याकाळी नाचणाऱ्या आज्यांनी स्पीकर बंद केला. पोरांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा म्हटल्यावर या गावात टॅक्सीवालेही हॉर्न दाबत नाहीत. पण आज्यांचा नाच काही सुटेना. गाण्याशिवायच, मुकाट्याने, सगळ्या जणी पावलं टाकत राहिल्या.

तिसऱ्या मजल्यावरची रुओलान तरातरा खाली आली, तशा म्होरक्या फांग आजी दचकल्या. "आता काय गं बाई? आमच्या चपलांचा आवाज येतो का?"

"आजी, गाणं लावा ना! तीन वर्षं त्याच तालावर सूत्रं पाठ केलीत मी. तुम्ही बंद केल्यापासून एक धड आठवेना."

"अगं, पण समोरच्या जुनशेंगची आई तणतणत येऊन गेली. पोराचं लक्ष लागत नाही म्हणे."

"हळू लावा. माझ्यापुरतं."

"आणि परीक्षेत कुठून आणशील गाणं?"

"पाय आहेत की!"

आजी खुदकन हसल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

गणिताच्या पेपरात रुओलान शेवटच्या प्रश्नावर अडली. बाकाखाली तिने हळूच ठेका धरला. दोनदा डावा पाय, एकदा उजवा. सूत्र धावत आलं. लिहिता लिहिता तिचं लक्ष पुढच्या बाकाकडे गेलं. तिथे जुनशेंग मान खाली घालून भराभर लिहीत होता, आणि बाकाखाली त्याचे बूट हलत होते. दोनदा डावा, एकदा उजवा.