थांब्यांचा कागद

"सहीच पायजे ना? मग कागद घरी आणा, हितं करते," मनकर्णा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली. "मला कशाला नेता तिथवर?"

"त्यांनी दोघांना बोलावलंय. बस गाडीत."

आदिनाथलाही ती बरोबर नकोच होती. पण लीजवाल्यांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, गाडी दोघं चालवता ना, मग परत द्यायला दोघंही या. खरं तर मनकर्णाचं चालवणं ते केवढं! मंगळवारी आदिनाथ मीटिंगसाठी कंपनीच्या बसनं पुण्याला जायचा, तेवढ्या दिवशी ती गाडी घेऊन भिंगारला बहिणीकडं जायची. लीजवर घेतलेल्या या गाडीची चार वर्षांची मुदत आज संपत होती.

केडगाव सुटलं तसा आदिनाथनं गाडीचा वेग कमी केला.

परवापर्यंत त्याला काळजी होती ती मागच्या दारावरच्या ओरखड्याची. काल कॅन्टीनमध्ये कामावरच्या गहिनीनाथनं त्याच्या तोंडचं पाणीच पळवलं.

"ओरखड्याचं काय घेऊन बसलास? लीजच्या गाडीत यंत्र असतं, बाबा. गाडी कुठं गेली, किती वेळ थांबली, समदं त्यात येतं. कुनी गुपचूप भाड्यानं चालवली का, ते बघत्यात. परत देताना कागद काढून वाचून दाखवत्यात."

वाचून दाखवतात! आणि तेही मनकर्णापुढं!

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, निकितानं, ती शिकवायची त्याच शाळेतल्या थॉमस मास्तराशी नोंदणी लग्न केलं आणि मिरजगावात संसार मांडला. आदिनाथनं भावकीसमोर जाहीर करून टाकलं, आम्हाला लेक मेली. एवढ्यावर थांबेल तर तो आदिनाथ कसला! बायकोला शपथ घातली, "तिच्या उंबऱ्याला पाय लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." बाई दोन महिने रडली, मग गप्प झाली. पुन्हा लेकीचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही.

आणि हा बहाद्दर? नात झाल्याचं कानावर आलं, त्याच आठवड्यात गुरुवारच्या सुट्टीला "राहुरीला शेतावर जाऊन येतो" म्हणून निघाला, तो थेट मिरजगावात. रस्त्याच्या अलीकडं कडुलिंबाखाली गाडी लावायची, काचा वर ठेवायच्या, अंगणात नात दिसते का बघायचं आणि पंधरा मिनिटांत माघारी फिरायचं. उतरून दारात जायची छाती कधी झाली नाही. पुढं तो दर गुरुवारचा नेमच झाला. आता तर पोर अंगणात दुडूदुडू पळायला लागली होती.

बायकोला शपथेनं बांधून ठेवलं आणि स्वतः नातीला डोळे भरून बघत राहिला. हे मनकर्णाला कळलं तर? ती आयुष्यात माफ करणार नव्हती. तिच्या जागी तो असता, तर त्यानंही केलं नसतं.

लीजवाल्यांच्या आवारात रूथ मॅडम वाटच बघत होत्या. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर बघितले, ओरखड्याचा फोटो काढला. मागच्या सीटवरून हात फिरवला.

"गाडी लई स्वच्छ ठेवलीत हो," त्या म्हणाल्या.

"हिनंच पहाटे उठून पुसली," आदिनाथ म्हणाला. मनकर्णा पर्स छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

"काय गं, बरं न्हाई का वाटत?"

"तसं न्हाई. गाडीची सवय झाल्ती ना."

आत टेबलाशी बसल्यावर रूथ मॅडमनी किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि थांब्यांचा कागद छापायला लावला. आदिनाथ खुर्चीत पुढं सरकला.

"तो कागद राहू द्या की. आम्ही सह्या करतो आन निघतो."

"व्हय की हो मॅडम," मनकर्णाही घाईघाईनं म्हणाली. "वाचत कशाला बसायचं? कुठं सही करायची तेवढं सांगा."

देव पावला! आदिनाथला बायकोचा असा उमाळा आला की विचारू नका.

"दोन मिनिटांचं काम आहे. नियमच आहे आमचा," म्हणत मॅडमनी चष्मा लावला. "हं. एक गाव सारखं सारखं दिसतंय. मिरजगाव. गेलं वर्षभर एक आठवडा सुटलेला नाही. सवारी नेत होतात का?"

आदिनाथनं मनकर्णाकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. संपलं, तो मनाशी म्हणाला. आता कागदानं सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"सवारी न्हाई, मॅडम. माझी लेक राहते तिथं."

लेक! दोन वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होता. तो बायकोकडं वळला.

"राहुरी न्हाई आन शेत न्हाई. दर गुरुवारी मी निक्कीच्या दारासमोर गाडी लावून बसायचो. तुला शपथ घातली आन मीच चोरासारखा जात राहिलो. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेतो. पन आज चल. येष्टीनं जाऊ. दोघं मिळून दारात उभं राहू."

त्याचे डोळे भरून आले. मनकर्णानं पदर तोंडाला लावला.

रूथ मॅडमनी कागदावर पुन्हा बोट फिरवलं.

"गुरुवारचं राहू द्या, सर. ते पंधरा-पंधरा मिनिटांचे थांबे आहेत, त्याला आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारतेय ते मंगळवारचं. दर मंगळवारी गाडी तिथं चार-चार तास उभी आहे."