उच्चारांच्या फाइलचं कुलूप

"घ्या तुम्हाला हवी ती नवी व्यवस्था," थोरला म्हणाला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता वाद घालायचं त्राण नाही माझ्यात."

मास्तरीणबाईंना आधी खरंच वाटेना. त्या शाळेत गणित शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी सॉफ्टवेअरच्या कामाला थोरल्याच्या घरी येऊन त्याच्याशी भांडत. भांडण नेहमी एकच. थोरल्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने घरी बसून केलेलं, अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं. कुणीही उघडावं, सुधारावं, फुकट वापरावं. पण कुणी काय आणि कधी बदललं ते सांभाळणारी व्यवस्था, हे लोक जिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात ती, पणजोबांच्या काळातली. तिच्यात एकाने फाइलला कुलूप लावलं की ते निघेपर्यंत बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. नव्या व्यवस्थेत कुलूपच नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या प्रतीवर काम करावं आणि मग सगळं जुळवून घ्यावं. "कुलूप नाही तिथे शिस्त नाही," असं म्हणून थोरला दर वेळी विषय मिटवायचा. मदतीला आलेली माणसं कंटाळून एकेक करून निघून गेली. मास्तरीणबाई तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्याही आज ना उद्या जाणारच होत्या.

"मग आजच हलवू," त्या घाईने म्हणाल्या. "फक्त एक फाइल अडलीय. तिचं कुलूप आधी काढायला हवं. नाहीतर कुणाचं काम अर्धवट असलं तर ते मागेच राहून जाईल."

थोरल्याला कुठली ते विचारावं लागलं नाही. ती उच्चारांची फाइल. कोणता शब्द कसा वाचायचा ते तिच्यात. ती बंद असल्यामुळे सॉफ्टवेअर कित्येक शब्द वर्षानुवर्षं वेडेवाकडे वाचत होतं. तक्रारी येत, आणि थोरला प्रत्येकाला 'बघतो' एवढंच कळवी. कुलपावर नाव होतं 'घर'.

'घर' म्हणजे थोरला आणि धाकटा, या दोघा भावांचं सामाईक नाव. सुरुवातीला कॉम्प्युटर एकच होता. त्यावर आळीपाळीने बसायचं, आणि एकाचं अर्धं काम दुसऱ्याने बिघडवायचं. म्हणून नियम केला. खुर्चीतून उठायचं तर कुलूप लावून उठायचं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. पुढे धाकट्याने स्वतःचा लॅपटॉप घेतला, त्यावर तो स्वतःच्या नावाने काम करू लागला. 'घर' जुन्या कॉम्प्युटरवर राहिलं. आणि एका दुपारी दोघे जेवताना भांडले. एक शब्द असा वाचावा की तसा, एवढ्यावरून. धाकटा भरल्या ताटावरून उठला आणि संध्याकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडला, तो परत आला नाही.

काही दिवसांनी थोरला त्या फाइलकडे वळला तर कुलूप. जाता जाता जुन्या कॉम्प्युटरवरून लावून गेला, बघा! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मग हळूहळू राग ओसरला. कुलूप आहे तोवर धाकट्याचं इथे काहीतरी बाकी आहे, ते काढायला तरी तो एक दिवस येईल, असं त्याला वाटू लागलं. तोडायचं म्हटलं असतं तर चुटकीसरशी तोडता आलं असतं. त्याने तोडलं नाही. बाकीच्या फाइलींमधल्या दुरुस्त्या धाकटा लांबून पाठवत राहिला, चकार शब्द न लिहिता, आणि थोरला त्या तशाच मुकाट्याने घेत राहिला. भावाभावांचं नातं तेवढ्यावर चाललं होतं.

पण वाट बघूनही माणूस थकतोच.

"फोन तुम्ही लावा," तो म्हणाला. "माझा नाही उचलायचा तो."

मास्तरीणबाईंनी फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि वर्गातल्या आवाजात धाकट्याला सांगितलं, "उच्चारांच्या फाइलचं तुमचं कुलूप काढा. आम्ही व्यवस्था बदलतोय."

"माझं?" धाकटा म्हणाला. "ते दादाचं आहे. त्या दिवशी ताटावरून उठलो आणि लॅपटॉप घेऊन तीच फाइल उघडायला बसलो. म्हटलं, तो म्हणतोय तसं करून टाकू, एका शब्दासाठी कुठे भावाशी वैर धरायचं? तर कुलूप. मी हात लावू नये म्हणून आधीच ठोकून ठेवलेलं. म्हणून तर गेलो मी."

थोरला फोनवर वाकला. इतक्या वर्षांनी भावाशी बोलला ते ओरडूनच. "मी? चोराच्या उलट्या बोंबा! मी कशाला लावू? जाताना तू लावून गेलास, आणि मी इथे..." त्याने फोन जवळ ओढला. "तू काढायला येशील म्हणून बसून राहिलो रे मी इथे."

मास्तरीणबाई उगाच खिडकीबाहेर बघू लागल्या. थोरल्याने चष्मा चढवला आणि सकाळपासून समोर उघडी असलेली दुसरीच एक फाइल बघत बसला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोची हाक आली.

"अहो, ताटं वाढलीत! निवतंय सगळं. बाईंनाही घेऊन या."

"आलो गं," थोरला म्हणाला. त्याचे हात आपोआप कीबोर्डवर गेले. "एवढं कुलूप लावतो न् आलोच."

बोलला मात्र, आणि बोटं जागच्या जागी थांबली. त्या दुपारीही तो याच खुर्चीतून असाच जेवायला उठला होता.

फोनमधून धाकटा म्हणाला, "जेवून ये, दादा. मी थांबतो. पण या वेळी कुलूप न लावता ऊठ."