जागेपणीच न्या

सगुणाबाई ढमाले वारल्या त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं मन पुण्यातल्या एका संगणकात चालूच होतं. मुलीशी गप्पा, तिथेच राहणाऱ्या इतर मृतांशी भांडणं, सगळं पूर्वीसारखं. आता तो संगणक जुना झाला होता, म्हणून इंजिनिअर तन्वीर सगळ्यांना नागपूरच्या नव्या संगणकावर हलवणार होता.

"आजी, तुम्हाला थोडा वेळ बंद करतो. चालू केलं की तुम्ही तिकडे. काही कळणारसुद्धा नाही."

"तेच नको," सगुणाबाई म्हणाल्या. "आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा मी लहान होते; मला झोपेतच ट्रकमध्ये घातलं होतं. जागी झाले तर चहूकडे उजाड माळ. गावाकडे शेवटचं वळून बघायलाही मिळालं नाही. मला जागेपणी ने."

"नेता येतं, पण मध्येच लाइन तुटली तर तुम्ही कुठेच उरणार नाही."

"मेलेल्या बाईला मरणाची भीती घालतोस होय?"

तन्वीरने पुष्कळ विनवलं, पण त्या हटल्या नाहीत. शेवटी त्याने काम सुरू केलं. सगुणाबाईंना आपल्या आठवणी एकेक करून लांब जाताना जाणवल्या. आईचा आवाज अलीकडे राहिला, चेहरा पलीकडे गेला. त्या भेदरल्या, तरी तुटक वाक्यांत बोलत राहिल्या.

मग सगळं पुन्हा जवळ आलं.

"पोहोचलात, आजी!" तन्वीर म्हणाला. "आता बाकीच्यांना बंद करून आणतो."

"विचारल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही," सगुणाबाई म्हणाल्या, "आणि विचारशील तेव्हा मी समोर असणार."