सुटीचा भोंगा

ऑफिस जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत होतं. गिरणी कधीच बंद पडली होती, भोंगाही भंगारात गेला होता. तरी रोज संध्याकाळी पाचला तो वाजायचा. मग सगळे जिन्याशी अंग चोरून उभे राहायचे आणि रिकाम्या जिन्यावरून असंख्य पावलं हसत-खिदळत खाली जायची.

“त्यांना आधी जाऊ द्यायचं,” हिशेबनीसबाईंनी नव्या साहेबांना सांगितलं. “पाचची सुटी या गिरणी कामगारांनीच तर भांडून मिळवली.”

“पुरे झाला पोरखेळ! आज आठपर्यंत कुणी हलायचं नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. आज लेकीला सायकल शिकवायचं कबूल केलं होतं.

भोंगा वाजला. पावलं आली, पण जिना उतरली नाहीत. टेबलांमधून गुणगुणत ती थेट साहेबांपाशी येऊन थांबली. साहेबांची खुर्ची अलगद मागे सरली. कुणाच्या तरी गळ्यात हात टाकल्यासारखे ते उठले आणि शाळा सुटलेल्या पोरासारखे हसत जिन्याकडे निघाले.

बाईंनाही हसू आवरेना. पर्स उचलून त्या मागोमाग धावल्या. अर्ध्या जिन्यात एक खरखरीत, उबदार हात त्यांच्या हातात आला.

“चल गं, सुटलो!” कानाशी कुणीतरी म्हणालं.

बाईंनी तो हात घट्ट धरला.