फुली

"शेठ, तुम्ही गिऱ्हाइकांच्या जिवाशी खेळता!" मेकॅनिक भर गॅरेजात ओरडला.

"अरे, जुनी गाडी आहे, बंद पडणारच," शेठ दात कोरत म्हणाले.

मेकॅनिकच्या ताईच्या गाडीत इंजिनात जाणारी हवा मोजणारा नवा सेन्सर परवा शेठनीच बसवला होता. आज ताई आणि लेकरं आत असताना ती गाडी ट्रकसमोर बंद पडली. मेकॅनिकनं सेन्सरची वायर काढून पाहिली, तर इंजिन सुरळीत चालू लागलं. म्हणजे खोट सेन्सरातच होती. त्यानं तो उपटून उलटा केला. वरून चकाचक पुसलेल्या सेन्सरच्या पाठीवर फुली कोरलेली होती. बाद पार्ट भंगारात टाकताना तो स्वतःच अशी फुली कोरायचा.

"बोला शेठ, मी भंगारात टाकलेला सेन्सर माझ्या ताईच्या गाडीत आला कसा?"