सदर पत्नी

श्यामसुंदर साहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि वाचलं, "मुलीचे एका विवाहित गृहस्थाशी संबंध असल्याची चाळीत चर्चा आहे."

मीराचे कान तापले. घाटकोपरच्या या डिटेक्टिव्ह ऑफिसात लग्नाआधीच्या चौकशा चालत. भांडुपच्या अनुपमाची चौकशी तिची पहिलीच. मुलीत काही खोट नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. नवशिक्याच्या मागून जुना माणूस फेरी मारतो, म्हणून चंद्रप्रकाश जाऊन आले; साहेब वाचत होते तो रिपोर्ट त्यांचा. वीस वर्षं लोकांच्या पोटात शिरून त्यांचं स्वतःचं पोट चांगलं सुटलं होतं. मुलाचे वडील रिपोर्टसाठी बाहेर बाकावर बसले होते. होकार की नकार, त्यावरच ठरायचं होतं.

चंद्रप्रकाश लवंग चघळत म्हणाले की नुसती चर्चा नाही, त्या गृहस्थाची बायकोच मंगळवारी चाळीत येऊन गेली. मुलगी किती वाजता येते, सोडायला कोण येतं, सगळं विचारत होती. चार घरांनी सांगितलं, बिचारी अगदी कावरीबावरी झाली होती. हिरवी साडी, खांद्याला शबनम, गळ्यात मंगळसूत्र.

साडी मीराची होती, शबनमही. मंगळसूत्र ऑफिसच्या खणातलं. ते दिसलं की बायका घरात घेतात, पाणी देतात आणि बोलतात, हा साहेबांचाच धडा. घालताना त्यात कुणाचा तरी लांब केस अडकलेला निघाला होता.

"साहेब, ती बाई मी होते."

"ते मला पहिल्या ओळीलाच कळलं." साहेब हसले. "पण चर्चा आहे की नाही? आपण चर्चा लिहितो गं. खरंखोटं ज्याचं त्यानं बघावं. कर सही."

चंद्रप्रकाशांनी कौतुकानं पेन पुढं केलं. पहिल्याच फेरीत एवढा माल काढणारी पोरगी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

मीरानं पेन घेतलं, कागदही घेतला, आणि ती थेट बाहेर बाकापाशी गेली. तळाशी टाइप केलेलं होतं, 'सदर पत्नीचे नाव समजू शकले नाही.' मुलाच्या वडिलांसमोर तिनं ती ओळ खोडली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'मीरा राजाराम तावडे. अविवाहित. याच ऑफिसात शिकाऊ उमेदवार.'